पाणझाड

केतकीने दूध गरम करायची वाटी भिंतीला दाबली. वाटीच्या पाठीवरच्या चार बारीक सुया लेपात शिरल्या, कट्ट आवाज झाला आणि वाटीवरचा लाल दिवा लागला. खटक्यांचा बोर्ड नाही, प्लग नाही, लोंबणारी वायर नाही. भिंतीवर हवं तिथे, हव्या त्या उंचीवर वीज. काम झालं की वाटी ओढून काढायची. सुयांची भोकं लेप आपणच बुजवायचा. दोन मिनिटांनी बोट फिरवलं तर तिथे काही झालं होतं हे कळायचंसुद्धा नाही.

नाशिकच्या या ‘अनंतरंग’ इमारतीतल्या बेचाळीस घरांना तीन वर्षांपूर्वी ही भिंत मिळाली. गिलाव्यावर वीज वाहणाऱ्या शाईचे पट्टे आणि त्यांच्यावर दोन-अडीच केसांइतक्या जाडीचा विद्युतरोधक लेप. लेपाच्या पोटात राळेचे अतिसूक्ष्म थेंब कोंडलेले. लेप फाटला की थेंब फुटतात, राळ वाहते आणि जखम भरून येते. माणूस आणि दोनशे तीस व्होल्टच्या मध्ये एवढाच काय तो आडोसा.

केतकी दूध ढवळत होती, पण मान मागे वळलेली होती. दहा महिन्यांची रेवा हॉलमध्ये चेंडूमागे रांगत होती. चेंडू देवघराच्या कोपऱ्यात गेला. रेवा झपझप गेली, भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. हात पुढे केला, झटकन मागे घेतला. तळव्याकडे पाहिलं. मग कुणीतरी रागावल्यासारखी ओठ काढून रडली आणि चेंडू तिथेच टाकून उलट फिरली.

हे सलग तिसऱ्या दिवशी होत होतं.

“सुमंत, बघितलंस?”

सुमंत बूट घालत होता. “काय?”

“ती त्या कोपऱ्यात जात नाही.”

“बरंय की. निरांजनापासून लांब राहते.”

“अरे, चेंडू होता तिथे.”

“केतू,” तो नाडी आवळत म्हणाला, “परवा तिचा डावा पाय जड आहे म्हणालीस. काल ती नळाच्या आवाजाला दचकते म्हणालीस. आज भिंत. उद्या छत काढशील.”

तो गेल्यावर केतकी चपला काढून नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बसली. तिने हात ओला केला आणि तळवा नव्हे, हाताची मागची बाजू त्या कोपऱ्यातल्या भिंतीला टेकवली. झटका बसला तर स्नायू आवळतात. तळवा असेल तर हात वस्तू धरून ठेवतो, मागची बाजू असेल तर सुटून येतो. विजेच्या चाचणी प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. चिनीमातीचे, काचेचे, रबराचे विद्युतरोधक लाखो व्होल्टखाली फुटेपर्यंत ताणायचे आणि का फुटले ते शोधायचं, हे तिचं काम होतं. रेवाच्या वेळी सातव्या महिन्यात ते सुटलं.

हातावरून मुंग्या चालत गेल्या. बारीक, चावऱ्या.

घरात सगळे चपला घालून वावरतात, मोठ्यांची कातडी कोरडी असते, त्यामुळे कुणाला काही जाणवत नव्हतं. रेवाचे गुडघे उघडे होते, तळवे लाळेने ओले होते आणि ती ओल्या फरशीवर होती. तिला रोज कळत होतं. फक्त सांगता येत नव्हतं.

केतकीने माळ्यावरून जुना मीटर काढला. ओली फरशी आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यात दोन व्होल्ट. ओली फरशी आणि देवघराचा कोपरा यांच्यात अठ्ठावन्न.

तिने फोनवर भिंत बसवणाऱ्या कंपनीचं पान उघडलं. हिरव्या चौकटीत लिहिलं होतं: आपली भिंत निरोगी आहे.

*

कंपनीचा इंजिनिअर बुधवारी दुपारी आला. सोनवणे नाव, तिशीचा, खिशाला तीन पेनं. त्याने यंत्राची एक तार भिंतीला लावली, एक नळाला. मिनिटभर पडद्याकडे पाहिलं.

“हजार मेगओहमच्या वर आहे, मॅडम. एकदम ठणठणीत.”

“तुमचं यंत्र एकदिश दाब देतं. भिंतीत प्रत्यावर्ती वीज वाहते, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी. काही दोष एकदिश दाबाखाली दिसतच नाहीत. आणि दुपारी दोनला सगळं वाळलेलं असताना तपासताय. सकाळी फरशी पुसल्यावर या.”

सोनवणेने तिच्याकडे, तिच्या कडेवरच्या रेवाकडे आणि सोफ्यावर पडलेल्या लंगोटांच्या ढिगाकडे पाहिलं. “कुठे वाचलंत हे?”

“वाचलं नाही, केलंय. सहा वर्षं.”

“असेल. पण कंपनीची चाचणी ही आहे. आणि गळती तीस मिलिअँपिअरला गेली की मेन आपोआप पडतो. तुमचा पडला का कधी?”

“तीसपर्यंत मी वाट बघू? दहा महिन्यांचं मूल आहे.”

“मॅडम, लहान मूल घरात असलं की आयांना सगळीकडे धोका दिसतो. माझ्या रोजच्या दहा तक्रारींतल्या आठ तशाच असतात.” यंत्र मिटताना त्याची नजर कोपऱ्यात गेली. “हे काय चिकटवलंय?”

“जिवतीचा कागद. श्रावण चालू आहे.”

“करारात स्पष्ट आहे. भिंतीला काहीही चिकटवायचं नाही.” त्याने लगेच फोटो काढला. “आता ही नोंद मला पाठवावी लागेल.”

“पाठवा. आणि अठ्ठावन्न व्होल्टचीही पाठवा.”

“ती तुमच्या मीटरची आहे,” सोनवणे म्हणाला आणि बूट घालू लागला.

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन देशमाने दारात उभे. हाताची घडी, आत या म्हटलं तरी आत आले नाहीत.

“वहिनी, कंपनीचं पत्र आलंय. जिवत्या काढा, नाहीतर सगळ्या इमारतीची हमी रद्द. कुणी सांगितलं होतं त्यांना बोलवायला?”

“काका, भिंत गळतेय.”

“माझी नाही गळत. वरच्यांची नाही गळत. तुमचीच कशी गळते?”

“तुमचीही गळत असेल, चपला घालून फिरता म्हणून कळत नाही. एकदा ओल्या पायाने...”

“मी पस्तीस वर्षं नोकरी केली, मला शिकवू नका,” असं म्हणून ते निघाले ते थेट जिन्यावरून मोठ्याने बोलत. इमारतीच्या ग्रुपवर त्या रात्रीपर्यंत ऐंशी निरोप पडले. केतकीने प्रत्येकाला सांगितलं होतं, शुक्रवारी जिवतीच्या पूजेला पोरांना ओलं अंग घेऊन भिंतीपाशी बसवू नका, त्या वेळेपुरता मेन बंद ठेवा. उत्तरं अशी होती: ‘आमची भिंत पण कण्हतेय, येऊन औषध द्या.’ ‘बाळंतपणानंतर होतं असं काही जणींना, समजून घ्या.’ ‘उद्या म्हणतील देवीलाच शॉक बसतो.’ शेवटच्याला सतरा जणांनी हसरे चेहरे जोडले होते. एक सुमंतचा होता. नंतर त्याने तो काढला, पण तिने पाहिला होता.

*

गुरुवारी केतकीने मेन पाडून जिवतीच्या कागदाची एक कड सोलली. मागे वाळलेली खळ होती, कणकेची असते तशी. पण हिचा रंग हिरवट निळा होता.

खळ तळमजल्यावरच्या इंदूकाकूंची. दर श्रावणात काकू एक मोठं पातेलंभर खळ शिजवायच्या आणि वाट्या भरून बेचाळीस घरांत पोचवायच्या. चिकटपट्टीने लावलेली जिवती त्यांना चालायची नाही. कागद भिंतीवर कुठे लावायचा हेही त्याच सांगायच्या, पाटावर बसल्यावर समोर यायला हवा. म्हणजे जमिनीपासून दोन फुटांवर. रांगत्या मुलाच्या डोळ्यांसमोर.

“काकू, खळीत काय घालता तुम्ही?”

“का गं? मोरचूद.” काकू वाती वळत होत्या. “माझ्या वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं भद्रकालीत. मोरचूद घातल्याशिवाय खळ करायची नाही, झुरळं खातात, कसर लागते. चिमूटभर पुरतो.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी. त्याच जागी, दुसरीकडे हलवू देत नाही मी कुणाला. पण का विचारतेस?”

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. केतकी ‘सहज’ म्हणून वर आली. तिने भिंतीच्या त्या जागेचा लेप नखाएवढा खरवडून ठेवला होता, आणि प्रयोगशाळेच्या सवयीने दुसरा एक तुकडा, जिथे कधीच कागद नव्हता अशा जागेचा. एक तुकडा दोषी जागेचा, एक निर्दोष जागेचा. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांच्या झाकणांत ठेवून तिने त्यावर रेवाच्या तोंडातल्या फोडांसाठी आणलेलं जांभळं औषध ओतलं. रंग मुरायला दिवस-दीड दिवस लागतो.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला वरच्या मजल्यावरून धप्प आवाज आला, मग पितळी ताट पडल्याचा, मग किंकाळी.

देशमान्यांची नात स्पृहा, पाच वर्षांची. न्हाणं झालेलं, केस ओले, पाट नको म्हणून ती ओल्या फरशीवरच बसली होती. आजी औक्षण करत असताना तिने जिवतीला नमस्कार करायला दोन्ही तळवे कागदावर टेकवले. मेन क्षणात पडला म्हणून ती वाचली. पण त्या क्षणात ती मागे फेकली गेली आणि डोकं पाटाच्या कडेवर आपटलं. कपाळाला सहा टाके पडले. दवाखान्यात ती दोन तास कुणाला ओळखत नव्हती.

केतकी जिन्यात उभी होती. देशमाने नातीला खांद्यावर टाकून उतरले, तिच्यासमोर आले आणि म्हणाले, “झालं समाधान?”

*

शनिवारी पहिला तुकडा तयार झाला. तिने फोनच्या सूक्ष्मभिंगाखाली तो धरला आणि तिला जे दिसलं ते तिने पूर्वी फक्त जमिनीखालून काढलेल्या जुन्या केबलींत पाहिलं होतं. पारदर्शक लेपात जांभळं झाड उगवलं होतं. कागदाच्या बाजूला खोड, आत जाताना फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटचा शेंडा विजेच्या पट्ट्याला टेकलेला. प्रयोगशाळेत त्याला पाणझाड म्हणत. ओल, क्षार आणि सतत दिशा बदलणारा विद्युतदाब ही तिन्ही एकत्र आली की रोधकाच्या पोटात केसाच्या शंभराव्या भागाएवढ्या वाटा फुटतात, त्यांत पाणी शिरतं आणि झाड वाढत जातं. लेपाला फाटलेलं कळत होतं, झिरपलेलं कळत नव्हतं. जखमच नव्हती, तर राळ वाहणार कशी?

ग्रुपवरचे ते सतरा चेहरे डोळ्यांसमोर होते. तिने फोटो टाकला, खाली लिहिलं: ‘हे आपल्या भिंतीत वाढतंय. खळीतल्या मोरचुदाचा क्षार आत गेलाय. आता तरी मेन बंद करा.’

मग देशमान्यांचा एकच निरोप आला: ‘खळ कुणाची होती?’

संध्याकाळी तळमजल्यावर काकूंच्या दाराबाहेर कुणीतरी बेचाळीस घरांतल्या वाट्या आणून ओतल्यासारखा निळसर खळीचा राडा करून ठेवला होता. दारावर खडूने लिहिलं होतं, पोरं मारणारी.

काकू गुडघ्यांवर बसून ते पुसत होत्या. केतकी फडकं घ्यायला वाकली तर त्यांनी हात झिडकारला.

“राहू दे. मी पोरांसाठीच करत होते गं. तुला एवढंही थांबता आलं नाही? आधी मला येऊन सांगायचंस.”

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, निर्दोष जागेचा तुकडा पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तिने उघडलं होतं.

रविवारी सकाळी तिने दुसरा तुकडा धुतला. तो तिच्या झोपायच्या खोलीतला होता. पलंगाजवळची ती जागा, जिथे भिंत धरून रेवा दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा उभी राहिली. तिथे कधी कागद नव्हता, खळ नव्हती, मोरचूद नव्हता.

तिथेही झाड होतं. लहान, पाच-सहा फांद्यांचं, लेपाच्या निम्म्यापर्यंत पोचलेलं.

लाळ खारट असते. घाम खारट असतो. रेवा दिवसातून वीस वेळा तिथे ओले हात टेकवून उभी राहत होती आणि केतकी टाळ्या वाजवत होती.

*

अकरा वाजता गच्चीवर सभा होती. सोनवणे कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता. त्याने वाचून दाखवलं. रहिवाशांनी ताम्रक्षारयुक्त खळ वापरल्यामुळे लेप खराब झाला हे सर्वांनी मान्य करावं. कंपनी माणुसकीच्या नात्याने सगळ्या भिंती पुन्हा, विनामूल्य, त्याच लेपाने रंगवून देईल. प्रत्येक घरातून एक सही.

“आणि ज्या बाईच्या खळीमुळे झालं, तिचं नाव त्यात हवं,” देशमाने म्हणाले.

“नाव आहे, सर. तिसऱ्या परिच्छेदात.”

इंदूकाकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

केतकी उठली. “कुणीही सही करू नका.”

“आता काय राहिलंय?” एक आवाज.

“मोरचुदाने झाड लवकर वाढलं, एवढंच. त्याशिवायही ते वाढतं. हा दुसरा तुकडा बघा. इथे काकूंची खळ कधी लागली नाही. इथे माझ्या मुलीचे हात लागतात.” तिने फोन वर धरला. “ज्या घरात लहान मूल भिंत धरून उभं राहतं, त्या घरात हे उगवतंय. तोच लेप पुन्हा लावून घेतलात तर पुन्हा उगवेल.”

“मग काय, पोरांचे हात बांधायचे?” कुणीतरी हसलं.

“भिंतीतली वीज बंद करायची. जुन्या पद्धतीने नळीतून वायर ओढून घ्यायच्या.”

गच्ची एकदम पेटली. पंखे, फ्रिज, गीझर, सगळं सुयांवर बसणारं घेतलंय आम्ही, ते फेकायचं? हिला सवय लागलीय नाटकाची. काल मोरचूद म्हणत होती, आज लाळ म्हणते, उद्या आईचं दूध म्हणेल. सुमंत तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाला, “केतू, बस. भिंती नव्या होतायत ना? घे पदरात.”

“तू तो तुकडा बघितलास का?”

“नाही.”

“मग बघ आधी.” तिने फोन त्याच्या हातात दिला. तो बघत राहिला. मोठं करून बघितलं. मग त्याने तिचा दंड सोडला.

पहिली सही करायला काकू उठल्या. केतकी आडवी गेली. “काकू, तुमची चूक अर्धीसुद्धा नाही.”

“पण त्या पोरीच्या कपाळाला टाके पडलेत ना? कागद माझ्या खळीवर होता ना?” काकूंनी पेन घेतलं. “सगळ्यांच्या भिंती नव्या होतात तर असू दे माझं नाव.” त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

त्यानंतर चाळीस सह्या वीस मिनिटांत झाल्या. देशमाने केतकीसमोरून जाताना थांबले. “तुमच्या एका घराची भिंत राहू दे तशीच. उगवू द्या जंगल.”

*

गच्ची रिकामी झाली. सुमंत रेवाला घ्यायला खाली गेला. सोनवणे गठ्ठा पिशवीत भरत होता, पण भरणं संपत नव्हतं. कागद परत काढत होता, परत सारखे करत होता.

“मॅडम,” तो मान वर न करता म्हणाला, “तो दुसरा तुकडा. दीड महिन्यात निम्म्यापर्यंत?”

“हो.”

“सरळ वाढतं का ते? म्हणजे तीन महिन्यांत पूर्ण?”

“सरळ नाही. शेंडा जवळ गेला की दाब वाढतो, मग वेगाने जातं. तीन महिनेसुद्धा नाहीत.”

त्याने पिशवी खाली ठेवली. “आम्हाला क्वार्टरला कंपनीने हाच लेप दिलाय. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. परवापासून पालथी पडायला लागलीय.”

खालून कुणाच्या तरी घरातला मिक्सर सुरू झाला.

“सकाळी पुसल्यावर तपासायला हवं, हे आम्हाला माहीत नाही असं नाही,” सोनवणे म्हणाला. “दुपारची वेळ वरून ठरवून येते. मी कधी विचारलं नाही का ते.” तो कठड्यापाशी आला. “तुम्ही लिहा ना कुठेतरी. वीज निरीक्षकांना, वर्तमानपत्राला. अडीच लाख घरं आहेत या लेपाची. तुम्हाला कळतं यातलं.”

“मला कोण विचारतं? मी घाबरट आई आहे. तुमच्या दहातल्या आठांपैकी.”

तो लाल झाला.

केतकीने पिशवीतून वही काढली. दोन्ही तुकड्यांची मापं, वेळ, जागा, व्होल्ट, फोटोंचे क्रमांक, सगळं पहाटे उठून तिने प्रयोगशाळेच्या नमुन्यात मांडलं होतं. तिने शेवटचं पान उघडून कठड्यावर ठेवलं. खाली दोन रेघा होत्या. डावीकडे ‘चाचणी करणारे’, तिथे तिची सही होती. उजवीकडे ‘पडताळणी करणारे’, ती जागा रिकामी.

“एका सहीचा अहवाल कुणी वाचत नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे दोन्ही तुकडे आहेत. तुमच्याकडे चांगलं यंत्र आहे, आणि कंपनीचं ओळखपत्र.”

सोनवणेने पानावरून नजर फिरवली. हात खिशाकडे गेला, तीन पेनांपाशी थांबला.

“माझी नोकरी जाईल, मॅडम.”

“जाईल.”

“क्वार्टर पण जाईल.”

“ती गेलेलीच बरी नाही का?”